ज्या विमानाचा कारखाना बंद झाला

आमच्या घरी ताटं तीन मांडली जायची, पण जेवायला चौघं बसायची. बाबा, आत्या, मी आणि बाबांचा संशय. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे तिच्यावर बाबांचा कितपत विश्वास होता ते मला सांगता येणार नाही. बाकी जगात त्यांनी कुणालाच सोडलं नव्हतं. दूधवाल्याच्या मापावर शंका, एस.टी.च्या कंडक्टरच्या घड्याळावर शंका, वैद्याच्या पुडीवर तर हटकून शंका. मारेगावच्या बाजारात वांगी घेताना ते प्रत्येक वांग्याचं देठ उचलून पाहायचे, आणि एकही किडकं निघालं नाही की विकणाऱ्या बाईकडे जास्तच रोखून पाहायचे. हा स्वभाव माझ्यातही पुरेपूर उतरला आहे, हे आधीच सांगून टाकते.

बाबा एका जिनात फिटर होते. कापसातून सरकी काढणारी यंत्रं, म्हणजे रेचे, चालू ठेवणं हे त्यांचं काम. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, सहीपुरती अक्षरं तेवढी येत होती. पण चालत्या रेच्याला नुसता कान लावून ते सांगायचे, की कोणता पट्टा सैल झाला आणि कुठं तेल संपलं. एवढं असूनही मालक रोज सुटी झाली की त्यांचा जेवणाचा डबा उघडून पाहायचा. आत एखादा बोल्ट तर नाही ना? बाबा डबा पुढं करायचे आणि मालकाच्या डोळ्यांकडे पाहत उभे राहायचे. ज्याच्यावर रोज असा संशय घेतला जातो, तो माणूस जगाला मोकळ्या मनानं कसा भेटणार? हे मला आता कळतं. तेव्हा नुसता वैताग यायचा.

आत्या बाबांची थोरली बहीण. तीही पूर्वी त्याच जिनात रेच्यावर कापूस टाकायची. तिच्या उजव्या हाताला अंगठा आणि एक बोट एवढंच उरलं होतं. त्या हातानं ती भाकरी थापायची, धुणं धुवायची आणि वेळ पडली तर माझा कानही पिळायची. हात कसा गेला हे घरात कुणी बोलत नसे. रेच्यात गेला, एवढंच मला माहीत होतं.

छप्पन्न साली बाबा आणि आत्या पांढरे कपडे घालून नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. आल्या दिवशीच देव्हाऱ्यातले देव नदीत गेले. त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. आधी आमच्याकडे लग्न ठरवताना जोशाला विचारायचे. पोराचं नाव, पोरीचं नाव सांगायचं, तो बोटं मोजायचा आणि जमतं की नाही ते सांगायचा. आता ते बंद झालं. वस्तीतल्या बाकीच्या लोकांना त्यामुळे हायसं वाटलं. बाबांना उलट घोर लागला. ग्रहांवरची जबाबदारी काढून ती बापाच्या डोक्यावर ठेवली, असा त्यांनी अर्थ घेतला. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः पारखून घ्यायचं, हे त्यांनी नागपूरहून आणलं होतं. तसा हा गुण त्यांच्यात जन्मापासूनच होता, आता त्याला धर्माचा आधार मिळाला.

मला अठरावं लागलं आणि उमरखेडकडचं एक स्थळ आलं. मुलगा मॅट्रिक झालेला, हवाई दलात फिटर. विमानाचा फिटर म्हटल्यावर अख्खी वस्ती त्याला पाहायला आमच्या दारात गोळा झाली. तो खाकी पँट आणि पांढरा सदरा घालून आला होता. चहा देताना मी त्याच्याकडे चोरून पाहिलं. बाबा मात्र उघडउघड पाहत होते, आणि तेही फक्त त्याच्या हातांकडे.

पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, "फिटर म्हणते स्वतःले. नखं पाह्यली का त्याची? माह्या नखातली काळी रेघ बारा वर्षांत निघाली नाई. हा पोट्टा कारकून हाय नाई तं स्वयंपाकी."

"साबण लावत असन," आत्या म्हणाली.

"फिटरले साबण कायले लागते?"

मला मात्र तो आवडला होता. हे सांगायला या वयात लाजण्याचं कारण नाही. मुलगी पाहायला आलेले लोक तेव्हा चालायला लावायचे, शिवण दाखवायला सांगायचे. त्यानं मला एकच विचारलं, तुम्ही वाचता का काही? मी सातवी झाले होते आणि हाती येईल ते वाचत होते, पुडीचा कागदसुद्धा. मी तसं सांगितलं. तो हसला नाही, कोणत्या पुडीवर काय वाचलं ते विचारत बसला. माझं बोलणं संपेपर्यंत कुणी थांबलंय, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

रजा संपवून तो उत्तरेतल्या आपल्या तळावर परत गेला. बाबांनी त्याला पत्र घालायला लावलं. पत्र मीच लिहिलं, मजकूर बाबांचा. नवऱ्या मुलाला कुणी विचारणार नाही असे त्यात प्रश्न होते. तुमचं मशीन कोणत्या देशाचं? त्याला इंजिनं किती? बनवणारी कंपनी चालू आहे का? बाबा नवा रेचा पाहिला की हेच प्रश्न विचारायचे, त्यामुळे लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. घरातली पत्रं मीच मोठ्यानं वाचायची ही रीतच होती. बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. त्यानं एकेका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं होतं. विमान परदेशी आहे. दोन इंजिनं आहेत. सैनिक, गाड्या, धान्याची पोती असं सगळं त्याच्या पोटातून जातं. पुढची ओळ माझ्या डोळ्यांना आधी दिसली आणि जीभ थांबली. "ते बनवणाऱ्या कारखान्यानं आता ही विमानं बनवणं बंद केलं आहे. नवीन येणार नाहीत. सुटे भाग पुरतील तोवर, आणि पुढं जसं जमेल तसं, आम्ही ती चालवू. कामाला कमी नाही."

मी वाचलं, "बनवणारा कारखाना मोठा आहे. कामाला कमी नाही."

ही अक्कल मला कुठून सुचली कोण जाणे. बाबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली की ती कुठपर्यंत जाते हे मला ठाऊक होतं. नखं स्वच्छ दिसली म्हणून ज्यांना झोप लागली नाही, ते बंद पडलेला कारखाना ऐकून लग्न करून देतील? मला हे लग्न हवं होतं, म्हणून मी दोन ओळी गिळल्या.

"पुन्हा वाच," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. या वेळी तोंडून निघालं, "बनवणारा कारखाना चांगला आहे." मोठा होता तो चांगला झाला. चालत्या रेच्यातली खोट ज्या कानांना कळते, त्यांना पोटच्या पोरीची खोट कळायला किती वेळ लागतो? बाबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी जिनाला दांडी मारून ते शाळेच्या मास्तरांकडे गेले. दुपारी परत आले तेव्हा आत्या आणि मी अंगणात तूर पाखडत होतो. बाबा चपला न काढता समोर येऊन उभे राहिले.

"कारखाना बंद झाला म्हणते त्यात," ते मला म्हणाले. "तुले वाचता नाई आलं का तेवढं?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"साऱ्या गावावर शंका घेतो मी," बाबा म्हणाले. "तुह्यावर नव्हती घेतली."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. मी रडले नाही, पण तोंड वर करायची हिंमतही झाली नाही.

मास्तरांच्या पोटात काही राहत नसे. दिवस मावळायच्या आत वस्तीभर झालं की विमान बंद पडलं, फिटर जावई आता घरी बसणार. आमच्याकडे हंगाम संपला की जिन बंद होतो आणि माणसं घरी येतात, त्यामुळे कारखाना बंद म्हणजे काम बंद, हा सगळ्यांचा सरळ हिशेब. शेजारणी सांत्वनाला येऊन गेल्या. एकीनं तर मुकुटबनच्या एका शेतकऱ्याच्या मुलाचं नावही सुचवलं. तिला आधीपासूनच आमचं स्थळ खुपत होतं, असा माझा तेव्हाही संशय होता आणि आजही आहे.

आत्या बाबांना म्हणाली, "बंद झाला तं झाला. नोकरी सरकारी हाय. सरकार काई जिन नाई हंगाम सरला का घरी पाठवाले."

"नोकरीचं कोण बोलून राह्यलं?" बाबा म्हणाले. मग ते ओट्यावर बसले आणि बराच वेळ आत्याच्या हाताकडे पाहत राहिले. तो हात ते कधी पाहत नसत. ती वाढायला आली की मान खाली घालायचे, हे मी लहानपणापासून पाहत आले होते आणि तो त्यांचा भिडस्तपणा समजत होते.

"त्या रेच्याची कंपनी बंद झालती," ते मला म्हणाले. आत्याला ही गोष्ट सांगायची गरज नव्हती. "सुरी हालवनारी दांडी मोडली. कंपनीची दांडी भेटे ना. मी मोडक्या दांडीचं माप घेतलं, बाहेरून ओतून आनली, माह्या हातानं बसवली. मालक म्हने चालते, मी बी म्हटलं चालते. चौथ्या दिवशी दांडी तुटली. समोर हे तुही आत्या बसलती."

आत्या खाली मान घालून तूर निवडत होती. "मी कधी काई म्हटलं का तुले?" ती म्हणाली.

"म्हटलं असतं तं बरं झालं असतं."

मग बाबा पुन्हा माझ्याकडे वळले. "कारखाना बंद झाला म्हंजे आता तिथं कोनीतरी माह्यासारखा बसला असन. माप घेऊन दांडी ओतनारा. चालते म्हननारा. अन् ते मशीन तं जमिनीवर बी नसते. तो पोट्टा त्याच्याखाली मरन नाई तं त्याच्यात मरन. अन् पांढरं कपाळ घेऊन तू येशीन इथं. हे लग्न होनार नाई."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बाबांचा संशय जगावर नव्हताच मुळी. त्याची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या हातांपासून झाली होती. कळलं तरी माझा हट्ट काही कमी झाला नाही. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आत्याच बाबांना म्हणाली, "बोलाव त्याले. तू पारख. नागपूरहून आल्यापासून पारखून घ्या, पारखून घ्या करतं. पारखल्याबिगर नाई कसं म्हनतं?"

हे बाबांच्या वर्मी लागलं. त्यांनी मला पत्र लिहायला सांगितलं, आणि लिहून झाल्यावर ते मास्तरांकडे नेऊन वाचून घेतलं. मी त्यात काही भलतंच लिहिलं नाही ना, याची खात्री करायला. बोलायला मला जागाच नव्हती.

कापसाचा हंगाम भरात असताना तो रजा काढून आला. बाबा त्याला घरी न आणता थेट जिनात घेऊन गेले. आम्हा दोघींना भाकरी घेऊन यायला सांगितलं होतं, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. जिनाच्या आवारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. एक रेचा बंद होता. बाबांनी त्याची दांडी आधीच काढून ठेवली होती आणि त्याच्या हातात दुसरी दिली. काळी, तेल चोपडलेली, दिसायला धडधाकट.

"बसवा पाहुणे," बाबा म्हणाले. "गाड्या खोळंबल्या हायत."

मी बाबांना ओळखून होते. ते एवढं गोड बोलले म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्यानं दांडी हातात घेऊन वजन पाहिलं. मग दोरीला टांगून पान्यानं हलकेच वाजवली आणि कान जवळ नेला. बाबांची भुवई वर गेली. मग त्यानं घासलेट मागितलं. दांडीवरचं तेल पुसलं, घासलेटात बुडवून ठेवली आणि आमची भाकरी खाऊन घेतली. खाताना बाबांशी पावसापाण्याचं बोलला. तेवढ्यात मालक येऊन ओरडून गेला, गाडीवाले ओरडून गेले. त्यानं दांडी काढली, फडक्यानं कोरडी केली, खडूची भुकटी करून वर भुरभुरली आणि पुन्हा दोन-चार ठोके दिले. पांढऱ्या भुकटीत मधोमध केसासारखी एक ओली रेघ उमटली. आत मुरलेलं घासलेट चिरेतून बाहेर येत होतं.

"मामा, ही नाही बसवत," तो म्हणाला.

"गाड्या खोळंबल्या हायत."

"खोळंबू द्या."

"कंपनी बंद हाय. दुसरी दांडी भेटत नाई."

"मग मशीन उभं राहील."

बाबा त्याच्या अगदी जवळ गेले. "तुहं इमान बी उभं ठेवतं का तू? साहेब वरडला तरी?"

"आम्ही एक विमान उभंच ठेवलं आहे," तो म्हणाला. "त्याचे भाग काढून बाकीच्यांना लावतो. कारखान्यात बनलेले, खरे भाग. घरी ओतलेलं काही लावत नाही."

"अन् त्या उभ्या इमानातलं सरलं मंग?"

त्यानं हातातली दांडी खाली ठेवली. मला वाटलं, संपलं सगळं. "ते मला माहीत नाही, मामा," तो म्हणाला. "पण विमान उडायच्या आधी फिटरची सही लागते. माझी सही नसली तर ते उडत नाही. भाग बरोबर नसला तर मी सही करणार नाही, एवढं सांगू शकतो."

बाबांना सही एवढीच अक्षरं येत होती. सहीला किती वजन असतं हे त्या आवारात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसेल. त्यांनी ती चिरलेली दांडी उचलून भंगारात टाकली आणि पलीकडून चांगली आणली. ती त्यांनी सकाळपासून पोत्याखाली लपवून ठेवली होती. दोघांनी मिळून बसवली. रेचा सुरू झाला तेव्हा बाबांनी त्याचे हात पुन्हा पाहिले. कोपरापर्यंत काळे झाले होते. मग त्यानं खिशातून साबणाची वडी काढली, आणि बाबांच्या कपाळावर परत एक आठी पडलीच.

आमचं लग्न झालं. मी पांढरं लुगडं नेसले होते, त्रिशरण-पंचशील झालं, सगळं तासाभरात आटोपलं. माझ्या यजमानांना नोकरीतून सुटून आता कितीतरी वर्षं झाली, पण हातात येईल ते वाजवून पाहण्याची त्यांची सवय अजून गेलेली नाही. भाजीवाल्याचा भोपळासुद्धा सुटत नाही. संशयखोर बापाकडून सुटून मी कुठं येऊन पडले, असं मी त्यांना चिडवते.

लग्नानंतर मी तळावरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. दर पंधरा दिवसांनी घरी पत्र टाकायची. उत्तर मास्तरांच्या अक्षरात यायचं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा आत्यानं पत्रांचा डबा दाखवला. सगळी पत्रं जपून ठेवलेली, पण प्रत्येक पत्र फार हाताळलेलं, घडीवर फाटलेलं.

"दोनदा वाचून घेते ना तुहा बाबा," आत्या म्हणाली. "आधी मास्तरजवळ. मंग पोस्टातल्या बाबूजवळ. दोघायचं जुळलं का घरी आनते."

म्हणजे मी एकदा दोन ओळी गिळल्या, त्याची शिक्षा अजून चालू होती. मला राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली. बाबांना मी काही विचारलं नाही. नातवाला मांडीवर घेऊन ते त्याचं बोट न् बोट तपासत बसले होते.

मी परत गेले आणि त्याच सुमाराला चीनची लढाई लागली. विमानं रात्रंदिवस जाऊ लागली. डोंगरातल्या कच्च्या धावपट्ट्यांवर ती उतरायची, आणि तिथं बिघाड झाला तर हे जुनं यंत्र ओळखणारं कुणी नसायचं. नवी मुलं नव्या विमानांवर शिकत होती. म्हणून यांना बरोबर पाठवू लागले. ज्यावर सही केली त्यातच बसून जायचं. लढाई संपली तरी ते चालूच राहिलं. उभ्या ठेवलेल्या विमानाचा नुसता सांगाडा उरला होता, आता दुसरं एक उभं केलं होतं. हे सकाळी गेले की विमानाचा आवाज ऐकू येईपर्यंत मी ताट वाढून घेत नसे. आवाज आला की तो नीट येतोय की नाही, हे मी अंगणात उभी राहून ऐकायची. माझे कान बाबांचे होते, त्यामुळे सुखानं ऐकणं मला कधी जमलंच नाही.

घरी मात्र मी लिहीत होते, यांचं काम जमिनीवरच असतं, काळजी नसावी. हे मास्तर वाचणार, मग पोस्टातले बाबू वाचणार, आणि दोघांचं तंतोतंत जुळणार हे मला माहीत होतं. वाचणारे दोघंही खरे होते. खोटं माझ्याकडे होतं. पण दुसरं लिहू तरी काय? मला रात्र रात्र झोप येत नाही, हे मास्तरांनी शाळेच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचं? आणि मग पोस्टाच्या खिडकीत पुन्हा एकदा? परक्याच्या तोंडून ऐकायच्या पत्रात माणूस आपलं दुखणं घालत नाही.

एक दिवस पोस्टकार्ड आलं. पत्ता मास्तरांच्या अक्षरात होता, पण मागच्या बाजूचं अक्षर ओळखू येईना. पहिलीतल्या मुलानं काढावं तसं, ओळी वर-खाली, मध्येच शाई सांडलेली. सहा-सात ओळींनी सगळं कार्ड भरलं होतं.

"हे मी लिवलं. मास्तरजवळ शिकलो. पोट्ट्यायच्या लायनीत बसलो. तुही चिठ्ठी आता मी वाचतो. मास्तरले देत नाई. बाबूले देत नाई. आता खरं लिव."

पन्नाशीला आलेला माझा बाप, ज्या मास्तरांच्या वाचनावर त्याचा विश्वास नव्हता, त्यांच्याच समोर पाटी घेऊन बसला होता. सात-आठ वर्षांच्या मुलांमध्ये, मांडी घालून. मी त्यांना फसवलं होतं आणि त्यांनी मला शिक्षा दिली, एवढंच मी इतके दिवस धरून ठेवलं होतं. त्यांना मात्र माझ्या पत्रात काय नाही ते कळत होतं, आणि ते का नाही तेही.

मी कागद घेतला. जोडाक्षरं शक्य तितकी टाळून, अक्षरं मोठी काढून, सुटी सुटी लिहिली, त्यांना वाचताना अडू नये म्हणून. यांना विमानात बसून जावं लागतं, हे लिहिलं. दुसरं विमानही आता सुटं होत आलं आहे, हे लिहिलं. यांनी एकदा सही नाकारली आणि साहेबाचं ऐकून घेतलं, तेही लिहिलं. शेवटची ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ती मी यांनाही कधी बोलून दाखवली नव्हती. "बाबा, मला फार भीती वाटते."

उत्तर यायला महिना लागला. बाबांना एवढं वाचायला आणि मग लिहायला तेवढा वेळ लागला असणार. कार्ड जवळजवळ कोरंच होतं. मधोमध एकच ओळ होती, आधी पेन्सिलनं काढून मग शाईनं गिरवलेली.

"मले पन वाटते."